ठेका तूच घे, असं मालक म्हणतात

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३९. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात १६ वर्षं नोकरी. कारखान्यात सगळे मिळून १२० कामगार, त्यातले ३८ शिलाईला. कामगारांची छोटी संघटना आहे आणि पत्रलेखक तिचे सेक्रेटरी आहेत. दिवाळीनंतर शिलाई बाहेर जॉबवर्कला देणार, असं मालकांनी जाहीर केलं आहे. मग सेक्रेटरींना एकट्याला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "ठेका तूच घे. बारा मशीन टाक, नगाला अडीच रुपये देतो." पत्नी घरी शाळेचे युनिफॉर्म शिवतात. त्यांना हे पटलंय. गल्लीतल्या बायका दीड रुपयात शिवायला तयार आहेत, असं त्या सांगतात. आईने, म्हणजे अम्मांनी, चाळीस वर्षं विड्या वळल्या. त्या यावर काहीच बोलत नाहीत. ठेक्याची गोष्ट सहकाऱ्यांना अजून माहीत नाही. पत्रलेखक विचारतात, "परदेशातल्या युनियन काम बाहेर जाऊच देत नाहीत म्हणे. त्यांना जमतं ते आम्हाला का जमत नाही? आणि विरोध करून मी माझ्याच घराचं नुकसान करतोय का?"

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा परदेशी युनियनच्या प्रश्नासाठी आणि दुसऱ्यांदा अम्मांसाठी. पत्रात त्या एका ओळीपुरत्या येतात आणि गप्प बसतात. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत जास्त त्यांनाच कळतं. त्यांच्याकडे येतेच, पण आधी तुम्ही विचारलंय त्याचं उत्तर.

परदेशातल्या युनियन काम बाहेर जाऊ देत नाहीत, हे तुम्हाला कुणी सांगितलं ठाऊक नाही, पण ते खरं नाही. जर्मनीचंच बघा. तिथे कारखान्यात कामगारांनी निवडलेली समिती असते, मोठ्या कंपन्यांच्या देखरेख मंडळावर कामगारांची माणसं बसतात आणि आयजी मेटालसारखी लाखो सभासदांची युनियन पाठीशी असते. एवढं असूनही २००४ मध्ये सीमेन्सने बोखोल्ट आणि काम्प-लिंटफोर्ट इथल्या मोबाइल फोनच्या कारखान्यांतलं काम हंगेरीला न्यायची भाषा सुरू केली. सुमारे २,००० नोकऱ्यांचा प्रश्न होता. वाटाघाटी झाल्या आणि कामगारांनी आठवड्याला ३५ ऐवजी ४० तास काम करायचं कबूल केलं. वाढलेल्या तासांचा पगार नाही. बदल्यात दोन वर्षं काम हलणार नाही, अशी हमी मिळाली. २००५ मध्ये सीमेन्सने मोबाइलचा सगळा धंदाच तैवानच्या बेनक्यूला देऊन टाकला आणि २००६ मध्ये त्या जर्मन कंपनीचं दिवाळं निघालं. पाच तास गेले ते गेले, वर नोकऱ्याही गेल्या.

हे सांगून तुम्हाला घाबरवायचं नाही. तिथे बोलणी कशावर झाली ते बघा. "बाहेरचा स्वस्त आहे ना, मग आम्हीही स्वस्त होतो." एकदा ही बोली लावली की तिला तळ उरत नाही. तुमच्या कारखान्यातही कुणीतरी म्हणेल, ओव्हरटाइम सोडू, बोनस सोडू, पण शिलाई आतच ठेवा. म्हणणाऱ्याला दोष देऊ नका, पोटातली भीती बोलते. पण सेक्रेटरी म्हणून तुम्ही ते वाक्य मालकांच्या टेबलावर नेऊ नका.

स्वीडनची गोष्ट जरा वेगळी आहे. तिथल्या १९७६ च्या कायद्याप्रमाणे बाहेरच्या ठेकेदाराला काम देण्याआधी मालकाने युनियनशी बोलणी करावीच लागतात. त्या ठेक्यातून कायदा किंवा वेतनकरार मोडला जाईल असं दिसलं, तर युनियनला तो अडवण्याचा अधिकारही आहे. तो रोज उठून कुणी वापरत नाही. पण तो आहे म्हणून मालक ठेकेदाराची कागदपत्रं आधी दाखवतो. म्हणजे तिथेसुद्धा काम बाहेर जातं. ते चोरवाटेने जात नाही, एवढाच फरक, आणि तो लहान नाही.

मला तुमच्याशी जास्त बोलायचंय ते ऑस्ट्रेलियाबद्दल, कारण तिथली गोष्ट शिलाई मशीनचीच आहे. कपड्यांचे कारखाने तिथे होते, युनियनही होती. हळूहळू शिलाई कारखान्यातून उठली आणि घरांमध्ये गेली, बरीचशी व्हिएतनामहून आणि इतर आशियाई देशांतून आलेल्या बायकांच्या घरी. गॅरेजमध्ये, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मशीन. कारखान्यातल्या कामगारांना या बायका सुरुवातीला कशा वाटल्या असतील ते तुम्हाला समजावून सांगायला नको. आमचं काम खाणाऱ्या! पण १९९० च्या दशकात तिथल्या वस्त्रोद्योग युनियनने त्या बायकांनाच हाक मारली. तुमच्या भाषेत फोन करा, नाव सांगू नका, फक्त दर किती मिळतो आणि काम कोण देतं तेवढं सांगा. त्या माहितीवरून १९९५ मध्ये युनियनने अहवाल काढला. दुकानात मोठ्या किमतीला लटकणाऱ्या कपड्यामागे शिवणारीच्या हाती काय पडतं, ते लोकांना पहिल्यांदा नीट कळलं.

पुढची खरी लढाई कागदाची होती. दुकानदाराने कुणाला ऑर्डर दिली, त्याने पुढे कुणाला दिली, त्याने कुणाच्या घरी पाठवली, ही साखळी लिहून ठेवायला लावायची आणि ती वही बघायचा हक्क युनियनने मिळवायचा. २०१२ मध्ये तिथल्या कामगार कायद्यातच दुरुस्ती झाली. घरी शिवणाऱ्या बाईला नोकरीतल्या कामगाराचे हक्क मिळाले, आणि मधल्या माणसाने पैसे बुडवले तर साखळीत वर असलेल्याकडून मागायची वाट खुली झाली. घरी शिवणं बंद झालं का? नाही. शोषण संपलं का? तेही नाही. पण युनियन कारखान्याच्या फाटकावर उभी राहून बाहेर गेलेल्या कामाकडे नुसती बघत बसली नाही. ती कामाच्या मागोमाग त्या घरांपर्यंत गेली.

सोलापूरकराला उलट उदाहरण सांगायला तर नकोच. १९८२ च्या जानेवारीत मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप गिरण्यांच्या फाटकावर चालू होता आणि कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणलं जात होतं. त्या मागांवरच्या कामगाराला या संपाने काही विचारलं नव्हतं, त्यामुळे त्यानेही काही सांगितलं नाही. आपल्याकडे सोलापुरात जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या गिरण्यांची नावं आता रिक्षावाल्याला पत्ता सांगायला उरली आहेत. आमच्या घरात मिलच्या भोंग्यावर चहाचं आधण चढायचं, असं आई सांगायची. असो.

आणखी एकच उदाहरण, मग परदेश पुरे. अमेरिकेत २०१६ मध्ये व्हेरायझन या टेलिफोन कंपनीचे जवळजवळ ४०,००० कामगार सुमारे दीड महिना संपावर होते. मुद्दे बरेच होते, त्यातला एक कॉल सेंटरचं काम फिलिपिन्स आणि मेक्सिकोला जाण्याचा. संप चालू असताना युनियनने आपली माणसं मनिलाला पाठवली, भांडायला नव्हे, तिथल्या कॉल सेंटरच्या पोरापोरींना भेटायला. तासाला दोन डॉलरहून कमी मिळतात आणि ओव्हरटाइम गळ्यात पडतो, हे त्यांनी तिथल्या तोंडून ऐकलं. करार झाला तेव्हा अमेरिकेत कॉल सेंटरच्या सुमारे १,३०० नव्या नोकऱ्या द्यायचं कंपनीने मान्य केलं. ज्यांच्याकडे काम चाललंय त्यांच्याशी बोलायला त्या कामगारांना समुद्र ओलांडावा लागला. तुम्हाला उंबरठाही ओलांडायचा नाही. ती माणसं तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत आहेत.

म्हणून तुमचा दुसरा प्रश्न मला मुळातच चुकीचा मांडलेला वाटतो. 'कामगारांचं भलं की घराचं भलं' असा तराजू तुम्ही धरलाय. कारखान्यातली अनसूयाबाई आणि गल्लीतली नागमणी (नावं मी ठेवली) एकाच टॉवेलची कड दुमडणार आहेत. फरक एवढाच की एकीला त्यावर पीएफ, ईएसआय (आजारपणाचा सरकारी विमा), बोनस आणि सुट्टी आहे, दुसरीला दीड रुपया आहे. पीएफमध्ये मालकाचे १२ टक्के, ईएसआयमध्ये ३.२५ टक्के, बोनस किमान ८.३३ टक्के. ढोबळ हिशेब धरला तर पगाराच्या शंभर रुपयांमागे साडेतेवीस रुपये. मालकांची बचत बरीचशी इथे आहे. नागमणीचा हात अनसूयाबाईपेक्षा चपळ आहे म्हणून काम बाहेर जात नाहीये.

मालकांना मी एकदम खलनायक ठरवत नाही. टॉवेलच्या ऑर्डरी वरखाली होतात, मोठी ऑर्डर आली की आतली मशीनं पुरत नाहीत, हे त्यांचं म्हणणं खरंही असेल. ते तपासायचा एक उपाय सांगते. बोलणीत "शिलाई बाहेर देऊ नका" ही मागणी पहिली ठेवू नका. पहिली मागणी अशी ठेवा: बाहेरच्या नगाचा दर आतल्या नगाला पडणाऱ्या सगळ्या खर्चाइतका असेल. शिलाई विभागाचा महिन्याचा पगार, त्यावर पीएफ, ईएसआय, बोनस, सुट्ट्या, सगळं मिळवा आणि महिन्याच्या नगांनी भागा. तो आकडा तुमच्याकडे नसेल, पण पगारपत्रक आणि पॅकिंगचं रजिस्टर बघणारी माणसं तुमच्या १२० जणांतच आहेत. तेवढा दर गल्लीतही द्यायचा ठरला, तर जादा ऑर्डरीपुरतं काम बाहेर जाईल आणि बाकीचं आपोआप आत राहील. मालक या दराला हसून उडवून लावतील, तर जागेची आणि मशीनची अडचण हे कारण नव्हतं हे सगळ्या खात्यासमोर उघड होईल. दोन्हीकडून तुम्हाला कळायचं ते कळेल.

आता अम्मा.

चाळीस वर्षं विडी वळली म्हणजे त्यांनी कामाचं 'बाहेर जाणं' आयुष्यभर अंगावर घेतलंय. पान-तंबाखू विडी कारखान्याच्या ब्रँचमधून आणायची, घरी वळायची, परत नेऊन द्यायची आणि समोरचा माणूस छाट काढणार, म्हणजे विड्या नापास करून बाजूला टाकणार. किती काढेल ते त्याच्या मर्जीवर. छाट निघालेल्या विडीची मजुरी नाही, आणि पान कमी पडलं तर ते पदरच्या पैशाने. तुमच्या बायकोला हे सगळं टॉवेलच्या रूपात भेटणार आहे. म्हणून एका संध्याकाळी अम्मांजवळ बसा आणि नुसतं विचारा, छाट किती निघायची? त्या बोलतील.

अम्मांच्या पिढीने त्यातून मिळवलं काय, तेही विचारा. घरी बसून वळणारी बाई ही कामगार आहे की नाही, यावर मालक वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा घरी वळणाऱ्यांनाही धरून झाला. १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पीएफच्या कायद्यापुरतं स्पष्ट सांगितलं की घरी विडी वळणारेही कामगारच. कारण काय दिलं? माल नापास करायचा अधिकार मालकाच्या हातात आहे, म्हणजे कामावर ताबा त्याचाच. अम्मांना आयुष्यभर रडवणारी छाट कोर्टात त्यांच्याच बाजूची साक्ष झाली, बघा. आणि घरोघर विखुरलेल्या बायकांची संघटना होत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला सोलापूरजवळच्या कुंभारीला नेऊन आणा. गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची १०,००० घरांची वसाहत २००६ मध्ये तिथे उभी राहिली. ती कुणी दान दिलेली नाही. मोर्चे काढून मिळवलेली आहे.

आता ठेक्याचा हिशेब, कारण तुमच्या घरात भांडण त्यावर आहे आणि पत्रात तो कुठेच मांडलेला दिसला नाही. अडीच रुपये येणार, दीड देणार, मध्ये एक रुपया. हजार नगांना हजार रुपये. त्यातून दोरा, सुया, वीज, मशीनची दुरुस्ती, टेम्पोचं भाडं. एवढंही चालेल म्हणू. पण नापास नगाचं काय ठरलंय? समजा एका टॉवेलची किंमत ८० रुपये धरून ती तुमच्या बिलातून कापायची ठरली. हजारात १३ नग नापास झाले की १,०४० रुपये गेले. हजार नगांची सगळी कमाई संपून वर चाळीस रुपये तुम्ही द्यायचे. मग तुम्ही काय कराल? गल्लीतल्या बायकांची छाट काढाल. दुसरं काही करताच येणार नाही. अम्मा गप्प का आहेत, याचा माझा अंदाज हा आहे. मुलगा ब्रँचवाला होताना त्यांना दिसतोय.

आणि बारा मशीन हा आकडाही सहज सुचलेला नसावा. पीएफचा कायदा साधारणपणे २० माणसांपासून लागू होतो. पण तोच कायदा म्हणतो की ठेकेदारामार्फत कारखान्याच्या कामाला लावलेला माणूसही मूळ कारखान्याचाच कर्मचारी. उद्या चौकशी आली तर मालक तुमच्याकडे बोट दाखवतील आणि तुम्ही मालकांकडे. सही मात्र तुमची असेल.

ठेका घेणं पाप आहे असं मी म्हणत नाही. १६ वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर बसलेल्या माणसाला स्वतःची बारा मशीनं हवीशी वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. पण सेक्रेटरी राहून ठेका नाही. आणि त्याहून तातडीचं म्हणजे, मालकांनी केबिनमध्ये काय सांगितलं ते सहकाऱ्यांना या आठवड्यात सांगा, बोलणीला बसण्याआधी. बायको घरी शिवते हेही सांगा. एमआयडीसीत अशा गोष्टी चहाच्या टपरीवर किती दिवस लपतात? दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर तुम्ही टेबलावर कितीही खरं बोललात तरी मागे बसलेले ३८ जण तुमच्याकडेच बघत राहतील. मालकांनी हा प्रस्ताव तुम्हालाच का दिला, याचा विचार मी तुमच्यावर सोडते.

पत्नीबद्दल एक बोलू? पत्रात तुम्ही त्यांच्या कामाला 'घरखर्चाला हातभार' म्हटलंय. मशीनवर बसून आठ तास युनिफॉर्म शिवणं ही नोकरी आहे, फक्त तिचं मस्टर नाही. 'ठेका घेऊ नको' म्हणून त्यांना गप्प करू नका, त्यांची बाजू खरी आहे, काम हवंय. त्यांच्यापुढे दुसरा रस्ता ठेवता येतो. केरळात नवा विडी कायदा टाळायला मालकांनी कामं बंद केली आणि सुमारे १२,००० कामगार रिकामे झाले, तेव्हा १९६९ मध्ये त्यांनी सहकारी संस्था काढली. केरळ दिनेश विडी ती. तिच्यामागे राज्य सरकार होतं, तुमच्या गल्लीमागे नाही, हे मला माहीत आहे. तरी काम गल्लीत येणारच असेल तर दहा-बारा जणींनी मिळून गट करून दर ठरवावा, नापास नगाचा नियम आधी लिहून घ्यावा, आणि त्याच बायकांना तुमच्या संघटनेत सभासद करून घ्यावं. ठेकेदार नवरा आणि मजूर बायका, यापेक्षा ते मला बरं वाटतं. पत्नी माझ्याशी सहमत होतील असं नाही.

कायद्याचं थोडक्यात. शिलाई बंद करून माणसं कमी करायची तर सेवाशर्तींतल्या बदलाची २१ दिवसांची नोटीस हा मुद्दा येतो, जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातलं कलम ९अ आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतलं कलम ४०. तुमच्या प्रकरणात ती लागते की नाही यावर दोन वकील दोन मतं देतील, पण तुम्ही लेखी मागणी करून पोच घ्या. कपात झालीच तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. 'राजीनामा लिहून दे, मग ठेक्यात घेतो' असं कुणालाही म्हटलं गेलं तर त्याने सही करू नये. राजीनामा दिला की ही भरपाई गेली. हे आजच नोटीस बोर्डाजवळ उभं राहून सगळ्यांना सांगा. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज देताना त्याची एक प्रत पोचेच्या शिक्क्यासकट स्वतःजवळ ठेवा.

पॅकिंगवाल्यांना आणखी एक काम द्या. टॉवेलला लेबल कुणाचं लागतं ते उतरवून घ्या. माल परदेशी ब्रँडला जात असेल तर त्यांचे पुरवठादारांसाठी नियम असतात आणि न सांगता काम घराघरांत देणं बऱ्याच ब्रँडना चालत नाही. तमिळनाडूत दिंडिगुलला २०२२ मध्ये बायकांचं नेतृत्व असलेल्या एका युनियनने कारखान्याशी आणि मोठ्या परदेशी ब्रँडशी करार केला, त्यात ब्रँडनाही शब्दाला बांधून घेतलं. पण हे हत्यार जपून काढा. ब्रँडने ऑर्डरच काढून घेतली तर १२० जण घरी बसतील. पहिल्या बैठकीत नाव नको, फक्त यादी तुमच्या खिशात असू द्या.

तर आधी सहकाऱ्यांशी बोला, मग अम्मांशी, मग आतल्या नगाचा खर्च काढा आणि तो घेऊन मालकांकडे जा, दोघा-तिघांना बरोबर घेऊन. एकटे केबिनमध्ये पुन्हा जाऊ नका. गल्लीत आज युनिफॉर्मला नगामागे काय मिळतं ते पत्नीला विचारून मला कळवा. दोरा कोणाचा, तेही लिहा.